दहा लाख एकर की एक कोटी? टॉम्पकिन्स यांच्या देणगीची शहानिशा

सावली

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काल मामांनी एक मजकूर टाकला. सुशोभित विशेषणं काढली तर उरतं ते असं:

"अमेरिकन अब्जाधीश डग्लस टॉम्पकिन्स यांनी चिली देशातलं एक कोटी एकर जंगल स्वतःच्या पैशाने विकत घेतलं आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर सही करून सगळंच्या सगळं सरकारला देऊन टाकलं. त्याच जंगलात पुढे त्यांचा मृत्यू झाला. जगातली सर्वांत मोठी देणगी. ही बातमी तुम्हाला कोणी दाखवणार नाही."

सोबत निळ्याशार तळ्यामागे शिंगांसारख्या उभ्या असलेल्या सुळक्यांचा फोटो.

भाऊ लगेच म्हणाला, फेक आहे. मामा म्हणाले, तुम्हाला कोणाचं चांगलं बघवत नाही. तिथून ते भांडण भलतीकडेच गेलं. नॉर्थ फेस ही कंपनी टॉम्पकिन्स यांनी काढली, एवढंच मला ऐकून माहीत आहे. जाणकारांनी सांगावं. नुसतं खरं की खोटं नको, कसं ठरवलं तेही लिहा. मामांना दाखवायचंय.

शंकासुर

एक कोटी एकर म्हणजे चाळीस हजार चौरस किलोमीटर. अख्खं स्वित्झर्लंड जवळजवळ एवढंच आहे. एका माणसाने स्वित्झर्लंडएवढी जमीन घेतली, फुकट वाटली, आणि ती बातमी फक्त तुमच्या मामांना कळली? भाऊ बरोबर आहे.

माळढोक

शंकासुर, गणित बरोबर पण निकाल घाईचा.

असा मजकूर अख्खा गिळायचाही नाही आणि अख्खा थुंकायचाही नाही. एकेक विधान सुटं करायचं. माणूस खरा, देणगी खरी, २०१८ सालही खरं. आकडा चुकीचा, सही चुकीची, फोटो भलताच.

आधी सोपं. टॉम्पकिन्स ८ डिसेंबर २०१५ रोजी वारले. पॅटागोनिया या दक्षिणेकडच्या प्रदेशातल्या जनरल कारेरा सरोवरात त्यांची कायाक उलटली, थंडगार पाण्यात शरीराचं तापमान उतरलं आणि रुग्णालयात मृत्यू झाला. म्हणजे जंगलात नव्हे, आणि 'पुढे' तर नव्हेच. २०१८ मध्ये सही करायला ते हयात नव्हते. २९ जानेवारी २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेत यांच्यासोबत होत्या त्या त्यांच्या पत्नी क्रिस टॉम्पकिन्स. अशा मजकुरांत एखादी विधवा बाई किंवा एखादी संस्था गाळली जाते आणि सगळं एका पुरुषाच्या खांद्यावर येतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता 'एकट्याने' हा शब्द दिसला की मी तिथूनच तपासायला सुरुवात करतो.

आता आकडा. २०१७ च्या मार्चमध्ये चिली सरकार आणि टॉम्पकिन्स यांची संस्था यांच्यात करार झाला. संस्थेने आपली सुमारे ४ लाख ७ हजार हेक्टर जमीन द्यायची, म्हणजे साधारण दहा लाख एकर. त्या बदल्यात सरकारने स्वतःच्या मालकीची जवळपास नव्वद लाख एकर जमीन घालून राष्ट्रीय उद्यानं करायची किंवा वाढवायची. दोन्ही मिळून एक कोटी. पाच नवी उद्यानं, तीन जुन्यांचा विस्तार. त्या वेळच्या बातम्यांत मजकूर नीट होता, पण मथळ्यात एक कोटी आणि टॉम्पकिन्स हे दोन शब्द शेजारी बसले. पुढचं काम फॉरवर्ड करणाऱ्यांनी केलं.

गवतफूल

म्हणजे देणगी एक दशांश. तरी दहा लाख एकर म्हणजे काही कमी नाही हो!

माळढोक

अजिबात कमी नाही. खासगी संस्थेने एका देशाला दिलेल्या जमिनींत ती सर्वांत मोठ्यांपैकी गणली जाते. म्हणूनच ती फुगवायची गरज नव्हती.

पण सरकारच्या नव्वद लाखांचंही थोडं सोलून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. पाच नव्या उद्यानांतलं सर्वांत मोठं कावेस्कार, सुमारे २८ लाख हेक्टर. एक कोटी एकरांतला निम्म्याहून कितीतरी जास्त भाग हा एकटा खातो. आणि ते आभाळातून पडलेलं नाही. तिथे आधीपासून आलाकालुफेस नावाचं राखीव वनक्षेत्र होतं. त्याचा दर्जा वाढवला, हद्द वाढवली, नाव बदललं. सेर्रो कास्तियो आधी राखीव होतं, मग राष्ट्रीय उद्यान झालं. 'पॅटागोनिया राष्ट्रीय उद्याना'त हेईनिमेनी आणि तामांगो ही दोन जुनी राखीव क्षेत्रं विलीन केली, मधे टॉम्पकिन्स यांचं चाकाबुको खोरं.

राखीव वन आणि राष्ट्रीय उद्यान यांत कायद्याने फरक आहे, उद्यानाचं संरक्षण अधिक कडक. त्यामुळे 'काहीच केलं नाही' म्हणणं चूक. पण 'एक कोटी एकर नव्याने वाचले' हेही चूक. कालपर्यंत जे उघडं होतं ते झाकलं, आणि आधीच पांघरूण होतं त्यावर आणखी जाड पांघरूण घातलं, या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

कावेस्कारबद्दल आणखी एक. उद्यानाची हद्द जमिनीपुरती. भोवतीच्या खाड्यांच्या पाण्याला नुसता 'राष्ट्रीय राखीव' असा सैल दर्जा मिळाला, आणि त्या पाण्यात सॅमन माशांच्या शेतीचे परवाने द्यायचे की नाही यावर तिथल्या कावेस्कार आदिवासींचं आणि उद्योगाचं जुंपलं. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेले, होडीतले. त्यांच्या दृष्टीने जमीन वाचवून पाणी सोडणं म्हणजे काय, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

डोंगरदऱ्या

फोटोबद्दल मी सांगतो, कारण ते सुळके बघून मी ओळखले. ते 'कुएर्नोस', टोरेस देल पाइने उद्यानातले. त्या उद्यानाची सुरुवात १९५९ मधली, तेव्हा टॉम्पकिन्स शाळकरी पोरगा होता. त्याचा या देणगीशी संबंध नाही. पॅटागोनिया म्हटलं की जगभर हाच फोटो चिकटवतात.

पण मजा अशी की त्या उद्यानाच्या इतिहासातही एक दाता आहेच. ग्विदो मोन्झिनो, इटालियन गिर्यारोहक. १९७७ मध्ये त्याने आपली बारा हजार हेक्टर जमीन चिली सरकारला दिली आणि उद्यानाची हद्द पक्की झाली. त्याचा मजकूर कोणी फिरवत नाही. हा फोटो मुळात कुठला, हे नेटवर शोधलं असतं तर मामांना एक खराखुरा दाता आयता सापडला असता.

शंकासुर

ठीक, माघार. फेक नाही, फुगवलेलं. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. परदेशी श्रीमंत माणूस दुसऱ्याच्या देशात लाखो एकर घेतो ते झाडांच्या प्रेमापोटी? करबचत असणार, नाहीतर खाणी, नाहीतर पाणी. धूर आहे तिथे आग असतेच.

माळढोक

हा धूर चिलीतही पुष्कळ निघाला होता. टॉम्पकिन्स १९९१ मध्ये रेनीवेचं शेत घेऊन तिथे गेले, मग आजूबाजूला घेत गेले. त्यांची पुमालिनची जमीन (पाच नव्या उद्यानांतलं एक आता तिथे आहे) अर्जेंटिनाच्या सीमेपासून समुद्राच्या खाड्यांपर्यंत पसरली तेव्हा, चिली देश इतका अरुंद की 'हा माणूस देशाचे दोन तुकडे करतोय' असं राजकारणी उघड बोलू लागले. कोणी म्हणे अणुकचरा पुरणार, कोणी म्हणे ज्यूंचं नवं राष्ट्र वसवणार. ते ज्यू नव्हतेच.

आता इतक्या वर्षांनंतर तपासता येतं. अणुकचरा नाही, राष्ट्र नाही, आणि जमीन सरकारच्या नावावर चढली. २०१९ मध्ये उद्यानांचा ताबाही चिलीच्या वनखात्याकडे गेला. कौतुकाच्या दाव्याला जेवढा पुरावा मागता तेवढाच संशयाच्या दाव्यालाही मागा.

मात्र सगळ्याच तक्रारी अशा हवेतल्या नव्हत्या. चाकाबुको खोरं २००४ मध्ये घेतलं तेव्हा तो मेंढ्यांचा मोठा मळा होता, सुमारे ७० हजार हेक्टरचा. मेंढ्या विकल्या, शेकडो किलोमीटर तारेची कुंपणं उपटली. ज्यांचं पोट मेंढ्यांवर होतं त्यांना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं म्हटलंही. ती अफवा नव्हे, ती किंमत आहे. देणगीच्या हिशेबात ती कोणीतरी मांडायला हवी.

सावली

हे सगळं मामांना सांगायचं तर ते विचारणार, 'तुझ्या त्या माळढोकला कसं ठाऊक?' कागद कुठे बघायचे?

माळढोक

:) रास्त प्रश्न. बातमीवर न थांबता कागदापर्यंत जायचं. चिलीचं सरकारी राजपत्र, 'दिआरिओ ओफिसियाल', त्यात उद्यान घोषित करणारा प्रत्येक आदेश छापून येतो. आदेशात क्षेत्रफळ हेक्टरात असतं आणि कुठला तुकडा सरकारी, कुठला देणगीतला हे वेगळं लिहिलेलं असतं. स्पॅनिश येत नसलं तरी यंत्राने केलेलं भाषांतर याला पुरतं, कारण आपल्याला साहित्य वाचायचं नाही, आकडे आणि नावं वाचायची आहेत.

दुसरं, जगभरातल्या संरक्षित क्षेत्रांची एक खुली नोंद आहे. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि आययूसीएन ही निसर्गरक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना मिळून ती ठेवतात, 'प्रोटेक्टेड प्लॅनेट' या नावाने दिसते. कुठलं उद्यान, कधीपासून, कुठल्या दर्जाचं, नकाशासकट.

तिसरं, दात्याच्या संस्थेचं स्वतःचं संकेतस्थळ. ते शेवटी वाचायचं आणि क्रियापदं बघत वाचायचं. 'दिली', 'संरक्षित केली', 'संरक्षणाला हातभार लावला', 'प्रेरणा दिली'. क्रियापद जसजसं पातळ होत जातं तसतसा आकडा जाड होतो. टॉम्पकिन्स यांच्या बाबतीत हे उघड दिसतं. थेट दिलेली जमीन दहा लाख एकर, करारातून उभं राहिलेलं जाळं एक कोटी, आणि 'उद्यानांचा मार्ग' म्हणून सतरा उद्यानांची जी २८०० किलोमीटरची माळ दाखवतात ती जवळपास २.८ कोटी एकर. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे. टोरेस देल पाइने त्या शेवटच्या माळेत येतं, म्हणून तो फोटोही तिथूनच आला असावा.

हिशेबनीस

उशिरा आलो. जमिनीचं माळढोक यांनी छान उलगडलं, पैशाचं मी लिहितो, कारण बहुतेक दाते जमीन देत नाहीत, घोषणा देतात.

घोषणा, मंजुरी आणि प्रत्यक्ष अदा झालेली रक्कम यांची गल्लत ही या विषयातली सर्वांत मोठी चूक. उदाहरण जेफ बेझोस. फेब्रुवारी २०२० मध्ये हवामानबदलासाठी १० अब्ज डॉलर जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये पहिला हप्ता, ७९.१ कोटी डॉलर, १६ संस्थांना. सप्टेंबर २०२१ मध्ये निसर्गरक्षणासाठी १ अब्ज. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेत २ अब्ज. बेरीज करून '१३ अब्ज' सांगणारे मी पाहिलेत. पण पुढचे सगळे त्या पहिल्या १० मधलेच! तोच नारळ प्रत्येक देवळात फोडायचा.

तपासायचं तर घेणाऱ्याच्या बाजूने. पहिल्या हप्त्यात पाच मोठ्या संस्थांना प्रत्येकी १० कोटी डॉलर होते, त्यांत डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी. अशा संस्था वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब जाहीर करतात. दात्याने दिल्याचं सांगितलं आणि घेणाऱ्याने मिळाल्याचं लिहिलं, की मग मान्य करावं.

अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी '९९०-पीएफ' नावाचं विवरण भरावं लागतं. कोणाला किती दिले याची नावनिशीवार यादी त्यात असते आणि ते कोणालाही वाचता येतं. तिथे खासगी प्रतिष्ठानाने दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावेत असाही नियम आहे. पण पैसा 'दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधी'त टाकला तर करसवलत लगेच मिळते आणि वाटायची मुदत काहीच नाही. दाता म्हणतो 'दान केलं'. कायद्याने केलंच. झाडापर्यंत मात्र एक दमडी पोचलेली नसू शकते.

गवतफूल

घोषणा केली आणि दिलेच नाहीत असं झालंय का?

हिशेबनीस

व्हर्जिन उद्योगसमूहाचे रिचर्ड ब्रॅन्सन, २००६. विमान आणि रेल्वे कंपन्यांचा पुढच्या दहा वर्षांचा सगळा नफा, अंदाजे ३ अब्ज डॉलर, स्वच्छ इंधनासाठी. लोकांनी 'ब्रॅन्सन ३ अब्ज दान करणार' असं ऐकलं. नीट वाचलं तर ते दान नव्हतं, गुंतवणूक होती, आणि नफा झाला तर. २०१४ मध्ये एका पत्रकार लेखिकेने हिशेब लावला तर ३० कोटींच्याही खाली आकडा निघाला. ब्रॅन्सन यांचं म्हणणं, नफाच तेवढा झाला नाही. वचन मोडलं म्हणायचं की वचनच तसं होतं, यावर भांडता येईल. दान झालं नाही, यावर नाही.

उलट बाजूला सीएनएन वाहिनीचे संस्थापक टेड टर्नर. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी १ अब्ज डॉलर दहा वर्षांत देतो म्हणाले. पर्यावरण हा त्याचा एक भाग. समभागांची किंमत कोसळली, दहाहून जास्त वर्षं लागली, पण रक्कम पूर्ण केली. मुदत हुकली म्हणून २००७ मध्येच कोणी 'फसवलं' लिहून मोकळा झाला असता तर तोच तोंडघशी पडला असता.

शंकासुर

करबचतीचं टाळलंत, अण्णा. तो 'पॅटागोनिया' नावाच्या कंपनीचा कपडेवाला बघा. कंपनी 'पृथ्वीला दिली' म्हणे. कर वाचवला, कंपनी घरातच राहिली.

हिशेबनीस

टाळत नाही, तेच येणार होतं. इवॉन शुइनार्ड, सप्टेंबर २०२२. हा टॉम्पकिन्स यांचा जुना गिर्यारोहक मित्र. २०१५ च्या त्या कायाक सफरीतही सोबत होता. क्रिस टॉम्पकिन्स एकेकाळी याच कंपनीच्या प्रमुख होत्या.

कंपनीची किंमत साधारण ३ अब्ज. ९८ टक्के समभाग, मताधिकार नसलेले, 'होल्डफास्ट कलेक्टिव्ह' या पर्यावरणासाठी पैसे वाटणाऱ्या संस्थेकडे गेले. २ टक्के, पण सगळा मताधिकार असलेले, कुटुंबाच्या देखरेखीखालच्या विश्वस्त निधीकडे. म्हणजे नफा बाहेर गेला, सुकाणू घराजवळ राहिलं. इथवर तुमचं अर्धं खरं.

आता कर. होल्डफास्ट ही ज्या प्रकारची संस्था आहे तिला दिलेल्या देणगीवर दात्याला आयकरात वजावट मिळत नाही. विश्वस्त निधीला दिलेल्या २ टक्क्यांवर कुटुंबाने सुमारे १.७५ कोटी डॉलर भेटकर भरला. पण कंपनी विकून पैसे दान केले असते तर भांडवली नफ्यावर जो कोट्यवधी डॉलरचा कर लागला असता तो लागला नाही. हेही खरं. आणि या प्रकारच्या संस्थेला राजकारणावर खर्च करता येतो, धर्मादाय संस्थेला येत नाही. तो भाग कोणाला खुपतो, कोणाला आवडतो.

नफा आला का? कंपनीने वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर सांगितले होते. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या बातमीनुसार तोवर होल्डफास्टने ७.१ कोटी वाटले होते. रिकामी घोषणा नव्हती, एवढं म्हणता येतं.

आणि 'करबचतीसाठी दान' याबद्दल एकदा सांगून टाकतो. अमेरिकेत आयकराचा सर्वांत वरचा दर ३७ टक्के. शंभर डॉलर देऊन फार तर सदतीस वाचले, तरी खिशातून किमान त्रेसष्ट गेलेच. समभाग दिले तर आणखी थोडे वाचतात. सवलत म्हणजे सरकारने, म्हणजे बाकीच्या करदात्यांनी, त्या दानात घातलेला वाटा. त्यामुळे हिशेब मागायचा त्यांना हक्क आहे. पण सवलत घेतली म्हणून दान खोटं ठरत नाही.

डोंगरदऱ्या

जमीन दिली, पैसे पोचले, ठीक. पण जंगल सुधारलं का? उपग्रहाची चित्रं बघून घरबसल्या कळतं म्हणतात.

माळढोक

कळतं, पण उपकरण चुकीचं निवडलं तर चुकीचंच कळतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि फुकट मिळतात. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरपर्यंत बारीक दाखवतो. जंगलतोड बघायला 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' हे संकेतस्थळ सोपं. पण चाकाबुकोवर ते लावाल तर काहीच दिसणार नाही, कारण तिथला बराच भाग गवताळ माळ आहे. झाड नव्हतंच, तर वाढणार काय? तिथे हिरवेपणाचा निर्देशांक बघावा लागतो, तोही एकाच वर्षाचा नाही. पाऊस चांगला झाला की कुणाचंही माळरान हिरवं. म्हणून कुंपणापलीकडच्या, अजून मेंढ्या चरतात अशा शेजाऱ्याच्या जमिनीशी ताडून बघायचं.

वृक्षारोपणाच्या दाव्यांचंही तेच. रोपं लावली हा आकडा दाते हौसेने सांगतात. पहिली काही वर्षं उपग्रहाला रोपटं दिसतही नाही. तेव्हा विचारायचं ते, तीन वर्षांनी किती जगली आणि मोजली कोणी.

आणखी एक अवघड प्रश्न आहे, देणगी नसती तर काय झालं असतं? पुमालिनमध्ये हजारो वर्षांचे आलेर्से वृक्ष आहेत. 'टॉम्पकिन्स यांनी ते कुऱ्हाडीपासून वाचवले' असं लिहितात. पण चिलीने आलेर्सेला १९७६ मध्येच नैसर्गिक स्मारक ठरवून जिवंत झाड तोडायला बंदी केली होती. कायदा होता, चोरटी तोडही होती. मग श्रेय कोणाला किती? इथे मी बोटाने दाखवू शकेन असा एक आकडा नाही, आणि जो दाखवतो त्याच्यावर माझा विश्वास कमी बसतो.

स्वच्छ उत्तर हवं तर अर्जेंटिनात इबेरा बघा. तिथेही यांचीच जमीन. सत्तर वर्षं त्या पाणथळीत जग्वार नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये एक मादी आणि तिची दोन पिल्लं मोकळी सोडली. आधी शून्य, नंतर शून्य नाही.

सावली

सगळ्यांचे आभार. मामांसाठी नवा मजकूर केलाय, बघा बरं:

"डग्लस आणि क्रिस टॉम्पकिन्स यांच्या संस्थेने चिली सरकारला ४ लाख ७ हजार एकर जमीन दिली. सरकारने आपली जवळपास ९० लाख एकर घातली, त्यातली बरीच आधीपासून राखीव होती. करार २०१७ चा, आदेश २०१८ चा. डग्लस २०१५ मध्येच वारले. फोटो दुसऱ्या उद्यानाचा आहे, त्या उद्यानाला जमीन ग्विदो मोन्झिनो यांनी दिली होती."

ग्रुपवर पाठवलासुद्धा.

हिशेबनीस

४ लाख ७ हजार हेक्टर. एकर नव्हे. तुम्ही देणगी साठ टक्क्यांनी कापलीत.

डोंगरदऱ्या

आणि मोन्झिनो यांनी उद्यानाला थोडी जमीन दिली, अख्खं उद्यान नाही. तुमच्या वाक्यावरून अख्खं वाटतंय.

सावली

अरे देवा. दुरुस्त करून परत पाठवलं. आता ग्रुपवर तीन मजकूर फिरताहेत, त्यातले दोन माझे. मामांनी मधला पुढे पाठवलाय.